दोराच्या दोन टोकांचं गणित

३४ आणि ९. ग्लायडर ओढून वर नेणाऱ्या विमानाचं इंजिन मध्येच बंद पडलं तर कोणाचं काय होईल, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. एएसके-२१ हे अनेक देशांतल्या क्लबांत शिकवणीसाठी वापरलं जाणारं दोन आसनी ग्लायडर. शांत हवेत १ मीटर उंची गमावताना ते ३४ मीटर पुढे जातं. त्याला ओढणारं एका इंजिनाचं हलकं विमान इंजिन थांबल्यावर तेवढ्याच उंचीत जेमतेम ९ मीटर जातं. जमिनीपासून ६० मीटरवर दोघांचा दोर सुटला, तर एकाच्या हाती दोन किलोमीटर उरतात आणि दुसऱ्याच्या हाती ५४० मीटर.

ग्लायडरला इंजिन नसतं, म्हणून जीव धोक्यात त्याचाच, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आकडे उलट सांगतात. इंजिन गेल्यावर खरी अडचण इंजिनवाल्याची होते. आणि त्याच्या अडचणीतून वाट निघणार की नाही, हे बऱ्याच अंशी मागच्या, बिनइंजिनाच्या वैमानिकाच्या हातात असतं. तो दोर कधी सोडतो, यावर.

हे गणित मांडायला मी बीड जिल्हा निवडला आहे. बीडमध्ये ग्लायडिंगचं केंद्र नाही, प्रवासी विमानतळही नाही. महाराष्ट्रातलं जुनं सरकारी केंद्र पुण्याला हडपसरमध्ये आहे, १९५८ मध्ये सुरू झालेलं. बीड शहरापासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. तिथली परंपरा विमानानं ओढण्याची नाही, विंचची आहे: मैदानाच्या एका टोकाला इंजिन, त्यावर गुंडाळला जाणारा लांबलचक दोर आणि दुसऱ्या टोकाला ग्लायडर. त्याच काळात नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. राममृतम यांनी देशी ग्लायडर आखले. त्यांची नावं अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी. पेरणीचा अंदाज रोहिणी आणि मृगावरून बांधणाऱ्या मुलखाला ही नावं परकी वाटायला नकोत.

तरी बीडच का? कारण विमानाला गावाचं नाव कळत नाही, हवा कळते, आणि बीडची हवा या गणिताला कठीण प्रश्न विचारते. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर. मे महिन्यात दुपारी पारा ४१ अंशांवर गेला तर कोणी नवल करत नाही. तापलेली हवा विरळ होते. ५१५ मीटर उंची आणि ४१ अंश यांचा मेळ घातला, तर इंजिनाला आणि पंखांना ती हवा प्रमाण वातावरणातल्या सुमारे १५८० मीटर उंचीच्या हवेसारखी लागते. बीडच्या जमिनीवर उभं असलेलं विमान मे महिन्यात महाबळेश्वरच्याही वर उभं असल्यासारखं वागतं. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत मात्र ५१५ मीटर म्हणजे ५१५ मीटरच.

आता हिशेब. तो माझा आहे, कुठल्या अहवालातला नाही, त्यामुळे गृहीतं आधी सांगतो. ओढणारं विमान ७५० किलोचं, १८० अश्वशक्तीचं, साधं कार्ब्युरेटरचं इंजिन. ग्लायडर दोन माणसांसह ६०० किलो. मधला दोर ६० मीटर. वेग ताशी ११५ किलोमीटर, आणि इंजिनाच्या शक्तीपैकी ६२ टक्के पंख्यातून ओढीच्या कामी येते असं धरलं आहे. विमान वेगळं घेतलं तर आकडे थोडे हलतील, पण त्यांची दिशा बदलणार नाही.

समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत ही जोडी सेकंदाला ३.९ मीटर चढते. बीडच्या डिसेंबर पहाटे ३.५ मीटर. बीडच्या मे दुपारी २.७ मीटर. इंजिनाची शक्ती मे महिन्यात मूळच्या ८४ टक्के राहते, म्हणजे घट १६ टक्क्यांची. पण चढण्याचा वेग जवळजवळ एक तृतीयांशानं घटतो. कारण उघड आहे. शक्तीचा एक मोठा वाटा नुसतं हवेत टिकून राहण्यात आणि हवेचा विरोध कापण्यात जातो, आणि तो वाटा उन्हाळ्यात कमी होत नाही. उलट विरळ हवेत तेवढाच भार तोलायला विमानाला प्रत्यक्षात ८ टक्के जास्त वेगानं जावं लागतं, त्यामुळे तो थोडा वाढतोच. घट सगळी येते ती उरलेल्या शक्तीवर, आणि चढायचं असतं त्या उरलेल्या शक्तीवरच.

६० मीटरचा टप्पा मी मनानं घेतलेला नाही. अमेरिकेच्या हवाई नियामकाचं ग्लायडर प्रशिक्षणाचं पुस्तक २०० फूट, म्हणजे ६१ मीटर, ही सीमा मानतं. तिच्या खाली दोर सुटला तर ग्लायडरनं समोरच उतरावं, फार तर थोडं डावी-उजवीकडे वळावं. तिच्या वर असेल तर मागे वळून धावपट्टीवर परतता येऊ शकतं. डिसेंबरात ही सीमा गाठायला १७ सेकंद लागतात, मे महिन्यात २२. पाच सेकंदांचा फरक चहाच्या टपरीवर हसण्यावारी जाईल. इंजिनाच्या आयुष्याशी ताडून पाहिला की जाणार नाही. लायकमिंग कंपनीच्या या वर्गातल्या इंजिनाला साधारण २,००० तासांनी संपूर्ण उघडून पुन्हा बांधायची शिफारस असते. एका ओढीला, चढणं आणि परत उतरणं धरून, आठ मिनिटं धरली तर तेवढ्या आयुष्यात १५,००० ओढी होतात. सगळ्या ओढी डिसेंबरच्या पहाटे झाल्या, तर इंजिन त्या नाजूक ६० मीटरमध्ये एकूण ७२ तास काढतं. सगळ्या मे दुपारी झाल्या, तर ९३ तास. इंजिन तेच, काम तेच, आणि बिघाड नेमका वाईट जागी होण्याची शक्यता जवळपास ३० टक्क्यांनी जास्त. तीही इंजिन उन्हाळ्यात अधिक बिघडत नाही असं धरून, आणि ते धरणं फारच उदार आहे.

आता इंजिन बंद पडतं. पंखा ओढत नाही, तो स्वतःच अडथळा होतो. पुढच्या विमानाचा वेग सेकंदाला साधारण १.१ मीटर प्रति सेकंद इतका घटू लागतो, फक्त हवेच्या विरोधानं. मागच्या ग्लायडरचा ०.३ नं, कारण त्याचं अंग गुळगुळीत आणि पंख लांब. परिणाम असा की ग्लायडर पुढच्या विमानाच्या अंगावर सरकू लागतं: पाच सेकंदांत १० मीटर, आठ सेकंदांत २५. उतारावर ट्रॅक्टरनं ब्रेक लावला की उसाची ट्रॉली मागून चढते, तसंच हे. दोर आधी सैल पडतो, मग त्याला झोळ येतो, आणि सैल दोर पंखाला किंवा चाकाला कुठे अडकेल याचा नेम नसतो. म्हणून दोर सैल पडायच्या आत सोडायचा असतो.

इथे एक मोह होतो, आणि तो जीवघेणा आहे. ग्लायडरच्या वैमानिकाला वेग हाताशी दिसतो, पुढचं विमान खाली जाताना दिसतं, आणि हात आपोआप काठी मागे ओढतो. उंची कमवून ठेवावी, मग सोडू. पण दोर अजून जोडलेला असेल आणि ग्लायडर वर चढलं, तर ते पुढच्या विमानाची शेपूट वर उचलतं. शेपूट उचलली गेली की विमानाचं नाक जमिनीकडे वळतं. हे इंजिन धडधाकट असतानाही घडतं आणि त्यात ओढणाऱ्या वैमानिकांनी प्राण गमावले आहेत. ब्रिटनमध्ये पुरेशा उंचीवर मुद्दाम प्रयोग करून पाहिले, तेव्हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो असं दिसलं. ताणाखाली काही जातींचे हुक उघडतही नाहीत. ६० मीटरवर दोन-तीन सेकंद म्हणजे पुढच्या वैमानिकाला काय झालं हे कळायच्या आधीच जमीन. क्रम म्हणून एकच: आधी सोडा, मग वळा किंवा चढा.

पूर्ण बंद पडलेल्या इंजिनापेक्षा अर्धं मेलेलं इंजिन जास्त फसवं असतं, आणि माझ्या हिशेबातला सगळ्यात बोलका आकडा तिथेच सापडला. बीडच्या मे दुपारी शक्ती एकदम निम्मी झाली असं समजा. एखादी झडप अडकली, कार्ब्युरेटरकडे इंधन नीट येईनासं झालं, काहीही. मग जोडीचा चढण्याचा वेग सेकंदाला २.७ मीटरवरून जवळजवळ शून्यावर येतो. विमान पडत नाही, चढतही नाही. समोरच्या बाभळी मात्र जवळ येत राहतात. वैमानिक थ्रॉटलशी झटापट करत बसतो, कारण इंजिन आवाज करतंय. त्याच क्षणी मागच्यानं दोर सोडला तर? एकट्या विमानाला तेवढ्याच अर्ध्या शक्तीवर सेकंदाला ०.९ मीटर चढता येतं. फार नाही, पण मैदानाला वळसा घालून परत उतरायला पुरेसं. दोर सुटला म्हणून शक्ती वाढलेली नाही, ६०० किलोचं ओझं गेलं इतकंच. हाच प्रकार डिसेंबरात घडला तर जोडीला, दोर न सोडताही, सेकंदाला अर्धा मीटर चढता येतं. हिवाळ्यात जो वैमानिक थोडा वेळ थांबून वाचतो, तोच उन्हाळ्यात थांबला तर वाचेलच असं नाही.

आणि म्हणूनच पुढच्याला आपल्या बाजूनंही दोर सोडता यावा अशी सोय असते. इशारेही ठरलेले आहेत. ओढणाऱ्या विमानानं पंख डोलावले की अर्थ एकच: आत्ता, याच क्षणी सोड. त्याचा गोंधळ होतो दुसऱ्या इशाऱ्याशी. शेपटीचं सुकाणू डावी-उजवीकडे हललं, तर त्याचा अर्थ: तुझे एअरब्रेक उघडे आहेत, तपास. एअरब्रेक म्हणजे पंखांतून वर येणाऱ्या, उतार वाढवणाऱ्या पट्ट्या. निघताना त्यांना कुलूप लागलं नसेल तर त्या हळूच उघडतात, ओढणाऱ्याला विमान चढेनासं वाटतं आणि तो इशारा करतो. घाबरलेला शिकाऊ वैमानिक सुकाणूच्या इशाऱ्याला पंखांचा इशारा समजतो आणि दोर सोडतो, ब्रेक उघडेच ठेवून. मग ३४ चा आकडा एका फटक्यात एक आकडी होतो. चांगल्या ओढीतून, चालू इंजिनामागून, अशी माणसं मैदानाच्या अलीकडे आपटलेली आहेत.

उलटही घडतं. ग्लायडरचा हुक अडकला आणि दोर सुटेना, तर ते डावीकडे, पुढच्या वैमानिकाला दिसेल असं सरकतं आणि पंख डोलावतं. मग पुढचा सोडतो, आणि ग्लायडर ६० मीटर दोर खाली लोंबकळत उतरतं. कुंपण आणि विजेच्या तारा नेहमीपेक्षा बऱ्याच उंचीवरून ओलांडाव्या लागतात.

दोरात एक कमकुवत कडी मुद्दाम बसवतात, ठरावीक ताणाला तुटणारी. अमेरिकी नियम सांगतो की दोराची ताकद ग्लायडरच्या कमाल वजनाच्या ८० टक्क्यांहून कमी नको आणि दुपटीहून जास्त नको. आपल्या ६०० किलोच्या ग्लायडरला ४८० ते १,२०० किलोंच्या मधली. जर्मन टोस्ट कंपनीच्या कड्या रंगावरून ओळखतात: पांढरी साधारण ५०० किलोच्या ताणाची, निळी ६००, लाल ७५०, काळी १,०००. पण कडी झटक्यापासून वाचवते. इंजिन बंद पडल्यावर दोर ताणला जात नाही, सैल पडतो, आणि सैल दोरातली कडी कशानंच तुटत नाही. तिथे हातच लागतो.

दोर सुटला. आता दोघांची गणितं वेगळी. ग्लायडर ताशी १०० किलोमीटर दाखवणाऱ्या वेगानं ४५ अंश कलून वळतं आहे. मे महिन्याच्या हवेत त्याचा खरा वेग १०८ होतो आणि वळणाची त्रिज्या ९२ मीटर. नुसतं उलट तोंड करून भागत नाही. मैदानाच्या रेषेवर परत यायला साधारण २२० अंश फिरावं लागतं. त्यात त्याची १६ मीटर उंची जाते. ६० मधून १६ गेले, ४४ उरले, आणि ४४ मीटरमध्ये ते दीड किलोमीटर जाऊ शकतं. जमीन सोडल्यापासून ६० मीटर चढेपर्यंत जोडी मैदानाच्या रेषेत सुमारे ७७५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे परतण्यासाठी अंतर पुरतं आणि वर शिल्लकही राहते.

शिल्लक राहते तेच कधी कधी नडतं. निघताना समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा होता, तर परतताना तो पाठीमागून असतो. जमिनीच्या मानानं वेग ९३ असायला हवा होता, तो १२३ होतो. जमिनीवर थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेदोन पट. शिवाय खाली शेतं झरझर मागे पळताना दिसतात, वैमानिकाला वाटतं आपण फार जोरात आहोत, तो नाक उचलतो, आणि हवेतला खरा वेग पंख हवा सोडू लागतात त्या सीमेपर्यंत घसरतो. डोळे जमिनीचा वेग मोजतात, पंख हवेचा. खालच्या वळणात ग्लायडर गिरकी खाऊन पडतं ते बहुतेक याच घोळात.

आता पुढचं विमान. ७५० किलो, इंजिन मेलेलं, उंची ६० मीटर. धक्का पचवून नाक खाली घालेपर्यंत चार सेकंद धरले तर १५ मीटर गेले, राहिले ४५. त्यानं मागे वळायचं ठरवलं तर वळणाची त्रिज्या १२२ मीटर, आणि त्या २२० अंशांत ७० मीटरहून जास्त उंची जाते. हाती ४५, खर्च ७०. या वजाबाकीत कसब, अनुभव, धाडस यांपैकी कशालाच जागा नाही. ग्लायडर जिथून हसत परततं, तिथून ओढणारा परतू शकत नाही. त्याला समोरच उतरायचं आहे.

समोर म्हणजे किती? ४५ मीटर उंचीतून ९ च्या प्रमाणानं ४०५ मीटर. डावी-उजवीकडे प्रत्येकी ३० अंश वळण्याची मुभा घेतली, तर त्याच्यापुढे पंख्याच्या आकाराची जमीन येते. तिचं क्षेत्रफळ साडेआठ हेक्टर, म्हणजे २१ एकर. बीडच्या माणसाला २१ एकर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दोन एकरांचं चौरस शेत घेतलं तर त्याची बाजू ९० मीटर भरते. टणक जमिनीवर अशा विमानाला टेकल्यापासून थांबायला १५० मीटर तरी लागतात. याचा अर्थ जिथे कुठे उतरेल, तिथे एखादा बांध आडवा येणारच, आणि बांध मातीचा आहे की दगडाचा हे वरून दिसत नाही. मग महिना पाहायचा. ऑक्टोबरात गोदाकाठी, गेवराई-माजलगावकडे अडीच-तीन मीटर उभा ऊस. त्याचा शेंडा वरून जमिनीसारखाच सपाट दिसतो, विमान त्यावर टेकतं आणि खाली बसतं. कपाशी कमरे-छातीएवढी. मे महिन्यात रान मोकळं असतं, पण नांगरटीची मोठी ढेकळं चाक पकडतात आणि विमान पालथं करतात. निदान तासांच्या दिशेनं उतरणं बरं. त्यात उघड्या विहिरी, शेततळी, विजेचे खांब. बालाघाटाच्या पठारावर आता पवनचक्क्याही आहेत.

या जमिनीवर वाचायचं कसं, याचंही उत्तर आकड्यांतच आहे. ताशी ८० किलोमीटर वेगानं टेकलेलं विमान १० मीटरमध्ये एकसारखं थांबलं, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पट धक्का बसतो. ३ मीटरमध्ये थांबलं तर साडेआठ पट. १ मीटरमध्ये, म्हणजे दगडी बांधावर, २५ पट. लहान विमानांची आसनं आणि पट्टे समोरच्या दिशेनं सुमारे ९ पट धक्क्याला टिकतील असे बनवण्याचा जुना निकष आहे. ९ म्हणजे तीन मीटरची सोय. विमान सरळ, ताब्यात, पंख समांतर ठेवून जमिनीवर नेलं तर तीन मीटर कुठेही मिळतात, कपाशीतही आणि तुरीतही. वळायच्या नादात ते कलून पडलं तर एकही मिळत नाही. शेताची निवड चुकली तरी चालेल, ताबा सुटता कामा नये. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीजवळ बारामतीच्या प्रशिक्षण संस्थेचं सेसना १५२ शेतात कोसळलं. विमानाची मोडतोड झाली, एकटी असलेली शिकाऊ वैमानिक वाचली. तिथे ग्लायडर नव्हतं, पण मोडलेलं विमान आणि जिवंत वैमानिक हा हिशेब तोच.

हडपसरची विंच यात कुठे बसते? तिचं इंजिन जमिनीवर असतं, ते बंद पडलं तर पुढे कोणी पडणारं नसतं. एका टोकाचा धोका संपतो. पण दुसऱ्या टोकाचा वाढतो, आणि किती वाढतो ते पाहण्यासारखं आहे. विमानामागे ओढलं जाणारं ग्लायडर चार-साडेचार अंशांनी चढत असतं. ओढ थांबली तर त्याचा वेग सेकंदाला ताशी ४ किलोमीटरनं कमी होतो. ११५ वरून ६५ पर्यंत, जिथे एएसके-२१ चे पंख हवा सोडू लागतात, यायला त्याला तेरा सेकंद मिळतात. विंचवर चढण ४५ अंशांपर्यंत जाते. तिथे ओढ थांबली तर वेग सेकंदाला ताशी २५ किलोमीटरनं कोसळतो. १०० वरून ६५ वर यायला दीड सेकंदही नाही. म्हणून विंचवर शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच सवय लावतात: ओढ गेली की काठी पुढे, आधी वेग, मग विचार. जमिनीच्या जवळ चढणीचा कोन लहान ठेवायचा आणि उंची आल्यावरच वाढवायचा, हेही त्याच दीड सेकंदापायी. विंचवर शिकलेला वैमानिक विमानामागे उडायला गेला तर त्याचे हात चपळ असतात. दोर सोडण्याची घाई मात्र त्याला नव्यानं शिकावी लागते, कारण विंचचा दोर मागे खेचला गेला की टोस्टचा हुक आपोआप उघडतो, विमानामागे मात्र त्या भरवशावर राहता येत नाही.

इंजिन बंद का पडतं, याची यादी मोठी असली तरी ओढणाऱ्या विमानाचं काम त्यातल्या ठरावीक गोष्टींना आमंत्रण देतं. पूर्ण शक्ती आणि कमी वेग, म्हणजे इंजिन तापलेलं आणि त्याला थंड करणारी हवा अपुरी. लायकमिंगच्या या इंजिनांना सिलिंडरच्या डोक्याचं कमाल तापमान २६० अंश सेल्सियस ठरवून दिलेलं आहे, आणि दीर्घायुष्यासाठी ते २०५ च्या आसपास ठेवावं म्हणतात. ४१ अंशांच्या दुपारी ओळीनं ओढी चालू असतील तर काटा कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो. वर दोर सुटला की वैमानिक पुढच्या ग्राहकासाठी भर्रकन खाली येतो आणि तापलेलं धातूचं अंग एकदम थंड होतं. असं १५,००० वेळा. वजन कमी ठेवायला टाकी अर्धीच भरायची पद्धत, त्यामुळे मोजणीत एक ओढ चुकली की इंधनच संपतं; हे कारण ऐकायला बावळट वाटतं, पण जगभर विमानं त्यानं पडतात. पावसाळ्यात २५ अंशांच्या दमट हवेत, थ्रॉटल मिटून उतरताना, कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो. बीडमध्ये बर्फ म्हटलं तर लोक वेड्यात काढतील, पण घशातली हवा पसरताना आणि इंधन उडताना तापमान २०-३० अंशांनी उतरू शकतं. आणि इंधन: सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं गुजरातच्या रिफायनरीत तयार केलेलं एव्हगॅस आणलं, तोवर देश या लहान इंजिनांचं पेट्रोल आयातच करत होता. पिंपांत साठवून ठेवलेल्या इंधनात पाणी उतरलं आहे का, हे रोज सकाळी काचेच्या नळीत पाहणं हा विमा फुकटचा आहे.

उपायांचे भाव तपासले तर तिथेही अंदाज चुकतात. पहिला सुचतो तो मोठं इंजिन. २३५ अश्वशक्तीचं, ९०० किलोचं विमान आणलं, तर मे दुपारी ६० मीटर गाठायला २२ ऐवजी १९ सेकंद. शक्ती ३० टक्के वाढली आणि वाचले तीन सेकंद, कारण मोठ्या इंजिनाबरोबर मोठं धूडही येतं. तीच जुनी जोडी सकाळी ९ वाजता, २८ अंशांत उडवली, तर २० सेकंद. आणि भर दुपारी ४१ अंशांतच, पण ग्लायडरमधून एक माणूस आणि त्याचं पॅराशूट मिळून १०० किलो उतरवले, तर तेही २० सेकंद. १०० किलो आणि १३ अंश यांचा भाव सारखा.

अडचण अशी की ग्लायडरला हवा असतो तो उष्ण हवेचा झोत, आणि तो सकाळी नसतो. पठारावरच्या काळ्या जमिनीवरून तो उठतो दुपारीच, घारी तेव्हाच वर्तुळं घेतात. गुरू आणि शिष्य दोघंही आत असताना चढणं-उतरणं शिकवायला झोत लागत नाही. ते तास सकाळचे. दुपारी ओढायचं ते एकट्यानं उडणाऱ्याला. मे महिन्याचं वेळापत्रक यापेक्षा वेगळं असेल, तर ते बनवणाऱ्यानं ओढणाऱ्या विमानात बसून २२ सेकंद मोजून पाहावेत.